आपा आणि दादांचे न मिटलेले भांडण

मित्रांनो, माझ्या डोक्यावरचे मोठे चाक दिसले की तुमचे हात शिवशिवतात, हे मला ठाऊक आहे. खुशाल फिरवा, फक्त बोटे सांभाळा. मी पुस्तके बांधणाऱ्याचा एक जुना लोखंडी प्रेस आहे. चाक फिरवले की माझी वरची पाटी खाली येते आणि नुकतीच खळ लावलेल्या पुस्तकाला घट्ट धरून ठेवते. खळ वाळेपर्यंत हलायचे नाही, एवढेच माझे काम. आयुष्य बसल्या जागी गेले, पण रिकामे गेले नाही.

एका ओतशाळेत वितळलेल्या लोखंडातून माझा जन्म झाला. ज्याने मला साच्यात ओतले त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो म्हणाला, "हा नातवंडांनाही पुरून उरेल." त्याच्या तोंडात साखर पडो!

तिथून मी दादांच्या दुकानात आलो. दादा ख्रिस्ती होते. किडकिडीत अंगाचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे आणि एकदा बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार करूनच थांबणारे. बायको लवकर गेल्यामुळे एकुलत्या लेकीला त्यांनी याच दुकानात कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपवून वाढवले. पुस्तके शिवण्यासाठी त्यांनी आपांना बोलावले. आपा मुसलमान होत्या, विधवा होत्या आणि कामाला वाघ होत्या. त्यांनी शिवलेले पुस्तक टेबलावर उघडले की चटईसारखे सपाट पडायचे. आपा त्यांना दादा म्हणत, ते त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणत. दोघांनीही एकमेकांना थोरले करून ठेवले होते. त्यामुळे दुकानात धाकटे कोणी नव्हतेच आणि माघार कोणी घ्यायची, हा प्रश्न रोजचाच होता.

आमच्याकडे बायबलही येई आणि कुराणही. माणसे ज्या पुस्तकाला फार धरतात तेच लवकर खिळखिळे होते. कुराण आले की दादा साबणाने हात धुवून मगच त्याला हात लावत आणि ते सगळ्यात वरच्या फळीवर ठेवत. बायबल आले की आपाही तेच करत. कितीदा तरी ती दोन्ही पुस्तके मी एकाच वेळी, मध्ये फळी घालून, माझ्या पाटीखाली सांभाळली आहेत. त्या दिवसांचे आभार मी कुठल्या तोंडाने मानू?

एकदा चर्चचे खजिनदार त्यांचे वाचनाचे भलेमोठे बायबल घेऊन आले. आपांच्या हातात सुई पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काम यांच्याकडून नको," ते दादांना म्हणाले. "यांचा देव वेगळा."

दादा हसले. "अहो, देव एकच आहे. फक्त नावं वेगळी. तुम्ही निर्धास्त जा."

खजिनदार कुरकुरत का होईना, पण पुस्तक ठेवून गेले. दादांना वाटले, आपण बाजी मारली. पण आपांनी सुई खाली ठेवली होती.

"दादा, तुम्ही माझी बाजू घेतलीत, उपकार झाले. पण माझं म्हणणं मात्र पुसून टाकलंत."

"मी? मी काय केलं?"

"तुम्ही येशूला देवाचा मुलगा मानता. मी त्यांना पैगंबर मानते, त्यांचं नाव आदरानं घेते. पण देवाला मुलगा आहे असं मी कधी म्हणणार नाही. एवढी मोठी गोष्ट तुम्ही नावांवर खपवलीत? गिऱ्हाइकाला गप्प करायला?"

दादा गोरेमोरे झाले. त्यांना राग आला, कारण त्यांनी चांगलेच केले होते. आपांना वाईट वाटले, कारण चांगले करताना आपण काय पुसले ते दादांना कळले नव्हते. मग दुकानात "खळ द्या", "पुठ्ठा घ्या" यापलीकडे शब्द उरला नाही. मित्रांनो, मी भल्याभल्या जाडजूड पुस्तकांचा भार पेलला आहे, पण तो अबोला मला जड गेला.

अशातच एका सकाळी फोन आला. दादांची लेक नदीपलीकडच्या शहरात बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. काहीतरी बिघडले होते. तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेले होते. नदीला पूर होता, पूल बंद होता. दादा दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी माझे चाक धरून उभे राहिले.

आपांनी त्यांना स्टुलावर बसवले. "प्रार्थना करा, दादा."

"शब्दच फुटत नाहीत," दादा म्हणाले. "आपा, तुम्ही मागा."

"मी माझ्या रीतीनं मागेन. चालेल?"

"मागा हो, कसंही मागा!"

आपांनी हातपाय धुतले, कोपऱ्यातली कात्रणे बाजूला सारली आणि चटई अंथरली. दादा मान खाली घालून बसून राहिले. खळ भांड्यातच सुकून गेली. त्या दिवशी कोणाला तिची आठवण झाली नाही.

दुपारी पुन्हा फोन वाजला. दादांना तो उचलवेना. आपांनी उचलला, ऐकला आणि त्या एवढेच म्हणाल्या, "दोघी सुखरूप. नात झाली."

दादा लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी विचारले, "कोणाकडे मागितलंत, आपा?"

"ज्यानं तुमच्या लेकीला घडवलं त्याच्याकडे. घडवणारा एकच असतो, दादा. दुसरा कुठून आणू?"

"मग परवा माझ्यावर का तापलात?"

"तुम्ही म्हणालात, फरक फक्त नावाचा. तेवढाच नाही."

"नाही," दादा सावकाश म्हणाले. "माझं म्हणणं मीही सोडणार नाही. म्हणजे आपल्यापैकी एकाचं चुकतंय."

"चुकत असणार. पण बोलतोय त्याच्याचबद्दल ना?"

दादांनी चष्मा पुसला. "माझी सासू म्हणायची, माझी लेक भोळी आहे. मी म्हणायचो, महाबिलंदर आहे. जन्मभर वाद घातला, पण बोलत होतो एकाच बाईबद्दल."

"मग खरं कोणाचं होतं?"

"सासूचं. माझ्याशी लग्न केलं ना तिनं!"

इतके हसले दोघे, की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला. त्यानंतर हा वाद कधी मिटला नाही, आणि अबोलाही पुन्हा झाला नाही.

पुढे दादा गेले. त्यांच्या अंत्यविधीला आपा चर्चमध्ये बसल्या होत्या, हे मला लेकीनेच सांगितले. जे शब्द त्यांना म्हणता येत नव्हते तिथे त्यांनी ओठ मिटून घेतले. "देवा, याच्यावर दया कर" असे आले, तेव्हा मात्र सगळ्यांच्या आधी त्यांचा "आमीन" ऐकू आला.

दुकान बंद पडले. माझ्यावर धूळ बसली, आटे गंजले, कोणीतरी रंगाचे डबे आणून ठेवले. मी कोणाला दोष देत नाही. कारण एके दिवशी लेकीनेच दार उघडले, मला घासूनपुसून तेल घातले आणि पहिले काम घेतले. आता आपा सुई धरत नाहीत, खिडकीपाशी बसून चुका मात्र बरोबर काढतात.

परवा नातीने त्यांना विचारले, "आपाआजी, आजोबांचा देव आणि तुझा देव एकच का गं?"

"मी म्हणते, एकच. पण त्याच्याबद्दल आमचं पटलं नाही," आपा म्हणाल्या. "आता तुझ्या आजोबांना खरं काय ते कळलं असेल. त्यांचं बरोबर निघालं असतं ना, तर मला सांगायला ते परत आले असते बघ!" आणि त्या हसता हसता पदराने डोळे टिपू लागल्या.

मित्रांनो, पुस्तके उघडी उपडी टाकू नका, त्यांचा कणा मोडतो. जुन्या यंत्राला तेलाचा थेंब द्या. आणि जिवाभावाच्या माणसाशी देवावरून वाद घालायचा तर मनापासून घाला, त्याचे म्हणणे पुसू नका. पण तो काळजीत असेल तेव्हा वाद बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसा. मला चटईवर वाकता येत नाही की गुडघे टेकता येत नाहीत. तरी ज्याने मला या दोघांच्या दुकानात आणून उभे केले, त्याचे आभार मी रोज मानतो.