सांगण्याची बाजू

खाकी लिफाफा. तोंडाशी दोन पिना, उचकटून पुन्हा लावलेल्या.

फळ्यावर खडूने: वेर्दाद म्हणजे सत्य. इगादो म्हणजे यकृत.

दादाचा निरोप: 'बाबांना यातलं अक्षरही कळता कामा नये.'

खोक्यात बारा चिठ्ठ्या, घडी घातलेल्या.

"बाई, एक चिठ्ठी उरली," वकीलसाहेब म्हणाला. अकरावीतला हा मुलगा ऊठसूट वाद घालायचा, म्हणून वर्गाने त्याला ही पदवी बहाल केली होती. "एकजण आलाच नाही आज. आता तुम्हीच काढा."

स्पॅनिशच्या बाईंचा हात खोक्यावर अडखळला. नियम त्यांचाच होता. आरोग्याचा एखादा ताजा वाद घ्यायचा, चिठ्ठीत निघेल ती बाजू स्पॅनिशमधून मांडायची, स्वतःचं मत घरी ठेवून यायचं. महिनाभर वर्तमानपत्रांत एकच विषय गाजत होता: गंभीर आजार रुग्णालयाने थेट रुग्णालाच सांगावा, असा कायदा करायचा की नाही. बाईंनी तो पंधरा दिवसांपूर्वी ठरवला, तेव्हा बाबांची नुसती भूक गेली होती.

चिठ्ठी निघाली. सांगावं.

मधल्या सुट्टीतच बाबांचा फोन येऊन गेला होता.

"आला का गं रिपोर्ट?"

"नाही बाबा. तिथलं मशीन बंद पडलंय म्हणे."

"तीन दिवस?"

"हो ना."

"मग त्या मशीनलाच एखादा डॉक्टर दाखवा म्हणावं." ते हसले. बाईही हसल्या, आणि बॅगेतल्या लिफाफ्यावर त्यांनी वह्यांचा गठ्ठा ठेवला.

दादाचं म्हणणं सरळ होतं. "तू मास्तरीण. तुला सगळं समजावून सांगायची खोड. इथे तोंड आवर. माणूस रोगाने जात नाही, धास्तीने जातो." तो खोटं बोलत होता असंही नाही. शेजारचे काका तसेच गेले होते.

वकीलसाहेबाने सुरुवात केली. त्याची स्पॅनिश लंगडत चालायची, पण मुक्कामाला पोचायची. सांगून काय मिळतं? जेवण जातं, झोप जाते. उरलेत ते दिवस तरी सुखाने जाऊ द्या.

बाई उभ्या राहिल्या. या भाषेत आपलं बोलणं घरचं कुणी ऐकणार नाही याचं त्यांना बरं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

"दुखणं त्याच्या पोटात," त्या म्हणाल्या, "आणि ठाऊक सगळ्यांना, त्याला सोडून. तो विचारतो, आपण मशीन बंद म्हणतो. त्याला कुणाला काही सांगायचं असेल, कुणाशी धरलेला अबोला सोडायचा असेल, तर ते माझ्या वडिलांनी कधी करायचं?"

'रुग्णाने' म्हणायचं होतं.

चिमणीचं पेन थांबलं. चुका टिपायचं काम आज या किरकोळ अंगाच्या मुलीकडे होतं. वाद संपला की ती सगळ्यांच्या चुका वाचून दाखवायची, आणि भीडभाड ठेवायची नाही. वकीलसाहेबाच्या नऊ निघाल्या.

"आणि बाईंच्या?" मागून कुणीतरी टोचलं.

चिमणीने वहीत पाहिलं. "नाहीत," ती म्हणाली.

घरी बाबा वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून बसले होते. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. बाईंनी चपलाही काढल्या नाहीत. लिफाफा त्यांच्यापुढे ठेवला.

"मशीन बंद नव्हतं, बाबा."

त्यांनी एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचलं. मग पहिल्या पानापासून पुन्हा.

"दादाला माहितीये?"

"हो."

"त्याच्यावर चिडू नकोस. लहानपणापासून घाबरट आहे तो." मग म्हणाले, "किती म्हणतात?"

"सहा महिने. फार तर आठ."

बाबांनी कागद जुन्या घडीवरच नीट दुमडले.

"मग चष्म्याचा नंबर याच आठवड्यात बदलून घेऊ. वाचायचं बरंच पडलंय."

वर्गात त्या दुपारी हात वर करून मतं घेतली, तेव्हा न सांगण्याची बाजू तीन मतांनी जिंकली होती.