पाठ खाडीकडे

नोलवेनने नवऱ्याचे बूट शिडाच्या बोटीवरून खालच्या रबरी होडीत फेकले.

“आज दोघांनी जायचं. धबधब्यापर्यंत.”

“अगं, पण बोटीवर कोण?” एर्वे म्हणाला.

हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अकरा वर्षांपूर्वी फ्रान्समधला ब्रेतान्यचा किनारा सोडला तेव्हापासून एकाने बेट बघायचं, दुसऱ्याने नांगरावर लक्ष ठेवायचं, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. संध्याकाळी पाहिलेलं एकमेकांना सांगायचं. निम्मं जग पालथं घातलं, पण एकेकट्याने. त्यात आता नांगर टाकला होता ती पॅसिफिकमधली हानाव्हावेची खाडी बदनाम. दरीतून वारा सुटला की भलेभले नांगर जागा सोडतात. बोट हेच त्यांचं घर होतं, दुसरं नव्हतं. तरी काल एर्वेने धबधब्याचं वर्णन असं रंगवलं, की नोलवेनने हट्टच धरला. तो सत्तरीला आला होता. एकदा तरी एखादी गोष्ट तिला त्याच्या शेजारी उभं राहून बघायची होती.

“ताहिया बसणार आहे.”

धक्क्याजवळ राहणारी ताहिया भावाच्या होडीतून आलीच. मांडीवर कापडासाठी कुटायची झाडाची साल, शेजारी शंख.

“जा हो मुसिए, निवांत. बोट हलली तर शंख फुंकते, सगळा गाव धावेल. आणि पळवून नेईन म्हणाल, तर मला शिडं कुठे उभारता येतात!”

चर्चपर्यंत एर्वे ठीक चालला. पुढे दर दहा पावलांना मागे वळून बघू लागला. नाला ओलांडल्यावर वाटेला दोन फाटे फुटले.

“काल कुठून गेलास?”

एर्वेने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि मग खाडीकडे.

“एर्वे, काल तू इथे आला होतास ना?”

तो दगडावर बसला. “चर्चच्या पायरीपर्यंत. तिथून बोट दिसते.”

“आणि धबधबा?”

“गावातल्या एकाला विचारून घेतला.”

“आणि मागच्या बेटावर, हिवा ओआला डोंगर चढलास, तो?”

त्याने नकारार्थी मान हलवली. “कुठेच नाही गेलो गं. तू बोटीवर एकटी. नांगर सुटला तर निदान दिसायला तरी हवं ना मला.”

नोलवेनला संताप आला. अकरा वर्षांचे डोंगर, देवळं, पांढरे पक्षी, सगळं या माणसाने किनाऱ्यावर बसून ऐकलेलं, तेच तिला ऐकवलं! मग तिला आठवलं, ती बेट पाहून परतली की तो किती खोदून खोदून विचारायचा. झाडं केवढी होती, पाणी गार होतं का, वास कसला येत होता.

“ऊठ,” ती म्हणाली.

डाव्या वाटेवर ताज्या पावलांचे ठसे होते. ती तिकडे वळली. थोडं चढल्यावर वळण आलं. त्यापुढे खाडी दिसणार नव्हती. एर्वेचे पाय तिथेच थबकले. नोलवेनने त्याला पुढे घातलं आणि वाटेच्या मधोमध, खाडीकडे पाठ करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. वळून पाहिलं तरी त्याला तीच दिसली असती.

बराच वेळ तो हलला नाही. मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं.

“किती लांब आहे गं अजून?”

“मला काय विचारतोस? काल तूच जाऊन आलास ना!”