लाल दोरा बांधला नाही त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी, निखाऱ्यांवर तापणारी इस्त्री आहे, आणि माझी तक्रार आमच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या पोरीबद्दल आहे. भांडायला माणसाला तोंड पुरतं. हिला हातही लागतो, आणि त्या हातात मी असते.

मी ओतीव पितळेची. माझं वजन असं, की नुसती फिरवली तरी सुरकुती शरण येते. मालकीणबाईंच्या सासूबाईंनी मला आणलं, तेव्हा माझी घडी लोक नावाजायचे. पुढे विजेच्या इस्त्र्या आल्या, हलक्या अंगाच्या, आणि मी पोटात राख घेऊन फळीवर पडून राहिले. ह्याच पोरीनं मला उतरवलं, लिंबानं घासलं, जाड कपड्यांसाठी पुन्हा कामाला लावलं. ते उपकार मी विसरले नाही. म्हणून तर बोलते. परक्याला कोण बोलतं?

तिचं आणि कपडे धुणाऱ्या काकांचं वाजलं. ती म्हणाली, "काका, कॉलरचा मळ तसाच आहे."

"मळ तुझ्या जिभेवर आहे," काका म्हणाले.

झालं. आठ दिवस अबोला.

आमच्याकडे रीत अशी, की ज्या कापडाला आच सोसत नाही, त्याच्या गुंडीला काका लाल दोरा बांधतात. त्या दिवशी एका नर्सबाईंचा नवा गणवेश आला. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर रुजू व्हायचं होतं. काकांनी दोरा बांधला नाही. हिनंही विचारलं नाही. कापड जाड दिसलं म्हणून मला टेकवलं, आणि छातीपाशी माझ्या नाकाएवढं भोक पडलं.

मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्यातलं एक जण उद्यापासून येणार नाही. कोण, ते सांगते. तोवर ही चादर घडी करा."

मोठी चादर एकट्याला आवरत नाही. पहिल्या घडीला दोघं लांब उभी, चादर तिरकी. दुसरीला पुढे यावंच लागलं. तिसरीला टोकं एकमेकांच्या हातात द्यावी लागली.

"दोरा मी मुद्दाम नाही बांधला," काका चादरीकडे बघत म्हणाले.

"कापड हाताला वेगळं लागलं होतं मला. विचारायला कमीपणा वाटला," ही म्हणाली.

"कॉलर मळकीच होती."

"जीभही."

मग काकांनी गणवेशाच्या आतली दुमड उसवली, हिनं त्या कापडाचा खिसा शिवून भोक झाकलं, आणि दोघांनी जाऊन नर्सबाईंना खरं ते सांगितलं. नर्सबाई आधी चिडल्या, मग खिशात पेन अडकवून बघितलं. मालकीणबाईंनी कुणालाच काढलं नाही. दुसरी चादर तेवढी पुढे केली. अशी बाई मालकीण म्हणून मिळाली, हे माझं भाग्य.

आणि पोरी, तू ऐक. माझी राख रोज काढतेस, देव तुझं भलं करो. तू तापट, मीही तापट. पण तापल्यावर एका जागी थांबलं की जळतं. मी पुढे सरकते. तूही सरक.