बाबारावांचा येशू

“बाबा, एकच शब्द म्हणाचा हाये. होय. त्याच्यात तुमचं काय जाते?” पायल म्हणाली. तिच्या पसरलेल्या पायांवर छोटी खुशी पालथी पडली होती आणि तेलाने चकाकणाऱ्या त्या इवल्याशा पाठीवरून पायलचा हात फिरत होता.

बाबाराव कोपऱ्यात बसून चर्चच्या भजनांच्या पुस्तकाला पुठ्ठा चढवत होते. खळीचं बोट लुंगीला पुसून म्हणाले, “पोरीले थंडी लागंल. टावेल टाक तिच्यावर.”

“मी काय इचारून राह्यली, तुमी काय सांगून राह्यले!”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, खुशीचा बाप्तिस्मा होता. चर्चच्या या मंडळीत रीतच होती, की लेकीच्या पहिल्या लेकराला तिच्या बापानेच हातात घेऊन पुढे उभं राहायचं आणि पाळकांच्या प्रश्नाला सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्य देवावर तुमचा विश्वास आहे काय? एवढाच प्रश्न. पण बाबाराव देव एकच मानत, आणि तो म्हणजे पिता. येशू त्याचा लाडका, पण माणूस. उपासनेत ती तीन नावं एका ओळीत आली की ते ओठ मिटून घेत. जुने पाळक तिकडे कानाडोळा करत. नवे पाळक तरुण होते, सरळ होते. परवा घरी येऊन, चहा पिऊन सांगून गेले, “बाबाराव, मी जबरदस्ती करणार नाही. पण मनात नसलेलं बोलू नका. जमत नसेल तर बाळाला तुमचे व्याही घेतील.”

व्याही पुसदचे. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात पायलला ‘पाखंड्याची पोर’ म्हणत. भाजीत मीठ जास्त झालं तरी पाखंड्याची पोर. उद्या बापाने भर मंडळीत तोंड फिरवलं, तर ते नाव तिच्यानंतर खुशीलाही चिकटणार होतं.

हे सगळं सुरू झालं ते एका फाटक्या पुस्तकापायी. बाबाराव पूर्वी यवतमाळात मिशनच्या बायबल शाळेत बाइंडर होते. पुढे शाळा दुसरीकडे गेली, पुस्तकंही गेली, बाबाराव तेवढे मागे राहिले. शाळा होती तेव्हा तिथे एकदा ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचं एक पुस्तक शिवायला आलं. सुटी पानं जुळवता जुळवता ते पाखंडी लोकांच्या प्रकरणात अडकले. पुत्राला पित्यानेच निर्माण केलं असं म्हणणारा आरियस हद्दपार झाला. त्रैक्य नाकारणाऱ्या सर्व्हेटस नावाच्या वैद्याला जिनिव्हात जिवंत जाळलं, त्याचं पुस्तक त्याच्याच अंगाला बांधून. तसंच शिकवणारा डेव्हिड नावाचा उपदेशक किल्ल्याच्या कोठडीत मेला. वाचणाऱ्याने धडा घ्यावा म्हणून लिहिलेलं ते प्रकरण. बाबारावांच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक त्यांनी शिवून परत दिलं.

नलू, त्यांची बायको, दवाखान्यात वारली तेव्हा पायल फ्रॉकात होती. भेटायला येणारे म्हणत, देवाची इच्छा. बाबारावांना तेव्हा देव नकोच होता. त्यांना क्रुसावरचा तो माणूस हवा होता, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ म्हणून ओरडलेला. तोच देव असेल तर ते ओरडणं सोंगच झालं की! सोंग करणाऱ्यापाशी आपलं दुःख कसं उकलायचं? म्हणून त्यांनी येशूला माणूसच राहू दिलं. संध्याकाळी काम आवरलं की ते त्याच्याशी बोलत, ओट्यावर शेजारी येऊन बसलेल्याशी बोलावं तसं. “आज पोरीले ताप हाये, गड्या. डब्बा बी केला नाई.” पोर वाढली, सासरी गेली. बोलणं सुटलं नाही.

“बाबा,” पायलने खुशीला टॉवेलात गुंडाळलं, “त्या जाळलेल्या मानसाले लेक होती काय?”

“माईत नाई, माय.”

“नसंलच. असती त जळला नसता.”

बाबाराव पुठ्ठा दाबून धरून बसले.

रविवारी चर्च भरलं होतं. व्याही कडक इस्त्रीचा सफारी घालून पहिल्याच रांगेत. “काय बाबाराव, आवाज निंघते का आज? का मीच घेऊ पोरीले?” ते मोठ्याने म्हणाले. मागच्या खुर्च्यांवर हसू पसरलं. पायल खाली बघत राहिली.

पाळकांनी प्रश्न विचारला.

खुशीच्या टाळूला दुधाचा आणि तेलाचा वास येत होता. ती झोपेत ओठ चोखत होती. बाबारावांनी समोर पाहिलं. पायलचे ओठ आवाज न करता हलत होते. लहानपणी शाळेच्या स्टेजवर बापाच्या ओठांकडे बघत कविता म्हणायची, तशी ती आता त्यांच्याकडे बघत होती. फक्त आज तीच सांगत होती, बापाने काय म्हणायचं ते.

“होय,” बाबाराव म्हणाले. आवाज इतका खणखणीत निघाला की ते स्वतःच दचकले. “माझा विश्वास आहे.”

पाणी पडलं तशी खुशी किंचाळून रडली. व्याह्यांनी मिठी मारली, “आता शोभले माहे व्याही!” पायल एकाच वेळी हसत होती, रडत होती. पाळकांनी बाबारावांचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला.

दुपारी अंगणात पंगत बसली. वरण-भात, मटण. “प्रार्थना बाबारावच करतीन,” व्याह्यांनी फर्मावलं. “आज मान त्यायचा!”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाबारावांनी तोंड उघडलं. हाक कोणाला मारावी, ते कळेना. गड्या म्हणायला आता जीभ धजेना, आणि दुसरं कुठलं नाव त्यांनी इतकी वर्षं घेतलंच नव्हतं.

“तुमी करा,” ते जावयाला हळूच म्हणाले. “माहा घसा बसला.”

जावयाने सुरुवात केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. पायलचे घट्ट, समाधानाने. बाबाराव उघड्या डोळ्यांनी पंगतीकडे बघत बसले, आणि आमेन होईपर्यंत व्याह्यांच्या पानावर बसू पाहणाऱ्या माश्या हाताने हाकलत राहिले.