टायगरची दूधआई

सावित्रीबाईच्या मळ्यावर कुसाबाई पहिल्यांदा आली, तेव्हा तिला पाणी वरून मिळालं. म्हणजे सावित्रीबाईने तांब्या खांद्याइतका उंच धरला, कुसाबाईने ओंजळ तोंडाशी नेली, आणि तांब्याचा काठ कुठे बोटाला लागणार नाही याची दोघींनीही काळजी घेतली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हरसूलकडची डोंगरातली माणसं दिवाळी झाली की गिरणाऱ्याच्या बाजूला द्राक्षांच्या कामाला उतरायची, शिमग्याला परत जायची, आणि तेवढे महिने मळ्यामळ्यावर त्यांना पाणी असंच मिळायचं. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची गोष्ट आहे ही. गावात टीव्ही आला होता, फोन आला होता, तांब्या तेवढा खाली आला नव्हता.

कुसाबाईला नवरा नव्हता, मूल नव्हतं. झिपरू मुकादमाच्या टोळीत ती एकटीच बाई अशी होती की जिच्या बोचक्याबरोबर जीपमधून एक कुत्रीही उतरली. अंगाने किरकोळ, पांढरीशुभ्र, नाव ढवळी. घरी तिला कुणाच्या भरवशावर ठेवणार? त्यात बिचारी नुकतीच व्यायली होती आणि थंडीत तिची सगळी पिल्लं गेली होती. दुधाने तटतटलेली ती कुत्री मळ्यातल्या खोपीभोवती नाक जमिनीला लावून हिंडायची आणि रिकाम्या टोपल्या हुंगायची. कुसाबाईला ते बघवायचं नाही.

त्याच आठवड्यात सावित्रीबाईचा मुलगा धनराज सातपूरहून कामावरून येताना डब्याच्या पिशवीत एक पिल्लू घेऊन आला. रस्त्यावर त्याच्या आईला ट्रकने उडवलं होतं. डोळे धड उघडले नव्हते, मूठभर जीव, आणि धनराजने नाव ठेवलं टायगर! नाव ठेवून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा शिफ्टला निघून गेला आणि टायगर आईच्या पदरात पडला. सावित्रीबाई कापसाच्या वातीने दूध पाजून थकली. पिल्लू तोंडच उघडेना. मुलगी स्नेहल नुकतीच सासरी गेलेली, नवरा यादवराव जेवताना मीठ मागण्यापुरतं बोलणारा, आणि अशा रिकाम्या घरात आता हेही मरणार म्हणून ती ओसरीवर बसून रडू लागली.

कुसाबाई पाणी मागायला आली होती. ती पायरीखाली उभी राहूनच म्हणाली, "मालकीणबाई, माझ्या ढवळीला देऊन बघू का?"

ढवळीने ते पिल्लू एकदा हुंगलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं आणि कुशीवर पडून राहिली. टायगर असा काही लुचायला लागला की सावित्रीबाई रडता रडता हसली. खोपीसमोर मातीत बसकण मारून ती बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. पिल्लाला बघायला म्हणून यायची आणि कुसाबाईशी बोलत बसायची. एका दुपारी तिने तांब्या वर न धरता सरळ कुसाबाईच्या हातात दिला. तिचं तिला कळलंही नसेल. कुसाबाईला मात्र कळलं. त्या दिवशी पाणी प्यायला तिने बराच वेळ लावला.

मग काय विचारता! जेवायच्या सुट्टीत बांधावर दोघींचं एक फडकं पसरायचं. कुसाबाईची नागलीची भाकर सावित्रीबाईने खायची, सावित्रीबाईची पोळी कुसाबाईने. 'मालकीणबाई'ची 'अक्का' झाली. स्नेहलची सासू कशी छळते, हे सावित्रीबाईने नवऱ्याच्याही आधी कुसाबाईला सांगितलं. आपला नवरा कसा गेला, हे कुसाबाईने आयुष्यात एकदाच कुणाला सांगितलं, ते तिथे बसून. शिमगा आला की सावित्रीबाईचा चेहरा उतरायचा. दिवाळी सरली की टायगर रस्त्याच्या वळणावर जाऊन बसायचा आणि झिपरूच्या जीपचा आवाज आला की धूम पळत सुटायचा. तो आता ढवळीच्या दुप्पट झाला होता, पण ती दिसली की मान खाली घालून उभा राहायचा. मग ती त्याचं तोंड, कान, मान सगळं चाटून स्वच्छ करायची. एवढा धटिंगण, पण आईपुढे तान्हं बाळ, म्हणून दोघी बायका हसून लोटपोट व्हायच्या.

"माझ्या पाठच्या बहिणीपेक्षा तू जवळची ग कुसा," सावित्रीबाई एकदा म्हणाली होती. माणसं असं बोलून जातात. कुसाबाईने ते गाठीला बांधून ठेवलं.

दोन-तीन हंगाम असे गेले. पुढच्या हंगामात, काढणी भरात असताना, ते घडलं. त्या दिवशी व्यापारी माल बघायला येणार होता, म्हणून सगळ्यांनी कुत्री बांधून ठेवावीत असं यादवरावांनी बजावलं होतं. कुसाबाईने ढवळीला खोपीच्या मेढीला बांधलं. टायगरही साखळीला होता, पण तो केकाटायला लागला आणि सावित्रीबाईला ते ऐकवेना. तिने हळूच साखळी सोडली.

दुपारी कुसाबाई खोपीकडे आली तर टायगर ढवळीपुढे मान घालून उभा, आणि ढवळी नेहमीसारखी त्याला चाटते आहे. जवळ गेल्यावर तिला दिसलं, टायगरचं तोंड, गळा, पुढचे पाय रक्ताने माखले होते. ओढ्याकडून नाथाच्या बायकोचा आक्रोश ऐकू येत होता. नाथा शेजारच्या मळ्याचा मालक, यादवरावांच्या भावकीतला. त्याची गाभण शेळी ओढ्याला चरायला बांधलेली असायची.

आता त्या बाजूचा रिवाज असा होता की शेळी-मेंढी मारलेलं कुत्रं ठेवायचं नाही. एकदा चटक लागली की ते सुटत नाही म्हणतात. दोरी मालकाने आपल्या हाताने द्यायची आणि ज्याचं जनावर गेलं त्याने काठ्या घालून कुत्रं संपवायचं. त्यात दयामाया नसायची.

कुसाबाईने पुढचामागचा विचार केला नाही. टायगरला तिने हौदावर नेलं आणि कपड्याच्या साबणाची वडी घेऊन खसाखसा धुतलं. पाणी पांढरं होईपर्यंत धुतलं. मग ओसरीवर नेऊन साखळीला बांधलं आणि सावित्रीबाईला गाठून म्हणाली, "अक्का, टायगरनं नाथाची शेळी फाडली. मी त्याला धुऊन बांधलाय. कोणी आलं तर बिबट्या असंल म्हण. ओढ्याला परवाच माग दिसला व्हता."

सावित्रीबाईने कुसाबाईचे दोन्ही हात घट्ट धरले. "तुझे उपकार कुठं फेडू ग मी," म्हणाली. कुसाबाईला त्या धावपळीतही बरं वाटलं. व्यापारी येऊन गेला होता, म्हणून खोपीकडे येऊन तिने ढवळीला सोडलं आणि ती परत कामाला लागली. ढवळी तिच्या मागे मागे फिरत होती. ढवळीकडे तिने बघितलंच नाही. कशाला बघेल? जिने काही केलं नाही, तिला काय धुवायचं?

नाथा आला तो चार माणसं आणि काठ्या घेऊनच. सावित्रीबाई, यादवराव, झिपरू, टोळीतली माणसं सगळी खळ्यात जमली. नाथाने आधी ओसरीवर टायगरकडे नजर टाकली. टायगर स्वच्छ. मग त्याची नजर फिरत फिरत कुसाबाईच्या पायाशी आली आणि तिथेच थांबली. कुसाबाईने खाली बघितलं. ढवळीची हनुवटी आणि पांढरी छाती लाल झाली होती. लेकराचं तोंड पुसताना लागलेलं ते रक्त होतं.

"ही बघा!" नाथा ओरडला. "आणा दोरी."

"हिनं नाय केलं दादा," कुसाबाई म्हणाली. "ही बांधलेली व्हती." आणि तिने सावित्रीबाईकडे बघितलं. घाबरून नव्हे, अगदी निर्धास्तपणे बघितलं. आता अक्का बोलेल. टायगरचं नाव तिने घेऊ नये, कुसाबाईलाही ते नको होतं. पण ढवळीला मी ओळखते, ती असलं करायची नाही, एवढं तरी ती म्हणेल. मळ्याच्या मालकिणीच्या एका शब्दावर भागलं असतं.

सावित्रीबाईने पदर डोक्यावर सारखा केला. "आमचा टायगर सकाळपासून साखळीला हाय," ती म्हणाली. "तिच्या कुत्रीचं मला ठावं नाय."

कुसाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या तोंडून शब्द फुटले, "अक्का, मीच धुतला ना ग त्याला! हौदावर! तुला सांगितलं ना!"

लोक हसले. दुसऱ्याचं कुत्रं कोण धुतं? आणि हंगामाच्या भरात, मजुरीची बाई, मालकाचं कुत्रं साबण लावून धुते? नाथाच्या माणसांना ती थाप वाटली, आणि खरंच, ऐकायला ती थापच वाटत होती. सावित्रीबाई घरात निघून गेली.

कुसाबाईने दोरी दिली नाही. ती ढवळीवर आडवी पडली. पहिली काठी तिच्या पाठीवर बसली, दुसरी ढवळीच्या मागच्या पायावर. मग झिपरूने नाथाचे पाय धरले, आणि यादवराव, ज्यांना बायकोच्या तोंडावरून सगळं कळून चुकलं होतं, खाली मान घालून म्हणाले, "जाऊ दे नाथा. आजच्या आज घेऊन जाईल ती कुत्रीला. पुन्हा या शिवारात यायची नाही." न्याय झाला म्हणायचा! कुसाबाई बोचकं डोक्यावर आणि ढवळीला काखेत घेऊन निघाली. मागे टायगर साखळीला हिसके देत ओरडत होता. वळण येईपर्यंत तिला ते ऐकू आलं.

हरसूलजवळच्या पाड्यावर तिने ढवळीच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. पाय जुळला, पण वाकडा जुळला. नाथाचा तिला रागही आला नाही. ज्याची गाभण शेळी गेली तो माणूस चिडणारच. तिच्या जिवाला डसलं होतं ते खळ्यातलं बोलणं. तिच्या कुत्रीचं मला ठावं नाय. जिच्या दुधावर तुझा टायगर वाचला, जिच्यासमोर तू मातीत बसून रडलीस, तिचं तुला ठावं नाय? पाणी भरताना, सरपण फोडताना ते मध्येच आठवायचं आणि हातातलं काम तसंच राहायचं. फसवलं तिने मला, एवढंच ती स्वतःशी म्हणायची. पाड्यावर कुणाला तिने काही सांगितलं नाही. सांगायची लाजच वाटत होती, जसं काही खोटं तीच बोलली होती.

शिमग्याच्या आधीच्या बाजारी, भर दुपारी, पाड्याच्या वाटेने सावित्रीबाई चढून आली. धनराज टेम्पो घेऊन खाली रस्त्यावर थांबला होता. बाजारात विचारत विचारत तिने घर काढलं होतं. तिच्या हातात साखळी होती आणि साखळीला टायगर, पण काय त्याची दशा! बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. ढवळी दिसताच त्याने साखळी हिसकली. ढवळी लंगडत पुढे आली. त्याने मान खाली घातली आणि तिने त्याला चाटायला सुरुवात केली. दोघी बायका बघत राहिल्या. एरवी या वेळी त्या हसल्या असत्या.

"खातच नाय ग कुसा," सावित्रीबाई म्हणाली. "तू गेल्यापासून वळणावर जाऊन पडून राहतो. मरंल असाच. तुझ्यापाशी ठेव त्याला." मग ढवळीच्या पायाकडे बघून तिचा आवाज खाली आला. "लंगडी झाली?"

"त्या दिशी का नाय बोललात?" कुसाबाईने विचारलं.

सावित्रीबाई या वेळी खोटं बोलली नाही, हे मान्य करायला हवं. "टायगरला मारला असता ग त्यांनी. त्यात नाथा भावकीतला, रोज तोंड बघायचं त्याचं. आणि तुझं काय, तू तर शिमग्याला जाणारच व्हतीस. मला तिथंच राहायचंय."

कुसाबाईने ते ऐकून घेतलं. बांधावरचं फडकं, नागलीची भाकर, तिच्या मेलेल्या नवऱ्याची गोष्ट, इतक्या हंगामांचं ते सगळं, आणि हिशेब शेवटी हा. ती जाणारी होती.

"नाथाला खरं सांगितलंत?"

"नाय."

"सांगणार हाय?"

सावित्रीबाई साखळीच्या कड्या बोटाने फिरवत राहिली.

"कुत्रा राहू द्या," कुसाबाई म्हणाली. "त्याची आई हाय इथं."

सावित्रीबाईने साखळी सोडवून घेतली, डोळे पुसले. जीव हलका झाल्यासारखी ती दगडावर टेकली. "मी येत जाईन मधून मधून. टायगरला बघायला, तुलाबी," ती म्हणाली. "पाणी दे ग कुसा. चढून घसा वाळला बघ."

पाड्यावर आलेल्या माणसाला पाणी द्यायचंच असतं. कुसाबाईने घरातून तांब्या भरून आणला. तो घ्यायला सावित्रीबाईने हात पुढे केला. कुसाबाईने तांब्या खांद्याइतका उंच धरला.

"ओंजळ धरा, मालकीणबाई."

सावित्रीबाईचा हात तसाच राहिला. मग तिने दोन्ही तळवे जुळवले, मान वाकवली आणि ओंजळ तोंडाशी नेली. कुसाबाई सावकाश धार सोडत राहिली. तांब्याचा काठ कुठे बोटाला लागणार नाही, याची तिने काळजी घेतली.