कस्तुराच्या सुपातलं इंग्रजी

कारखान्यात पार्ट तपासणारा इन्स्पेक्टर झाला तर भीमराजच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: पांढरा कोट, बसायला स्टूल आणि कायमची दिवसपाळी. कोट धुवायचा कस्तुराने, म्हणजे तो बायकोच्या खर्ची. स्टुलाचं कौतुक आठवडाभराचं. खरी कमाई दिवसपाळीची. आताच्या रात्रपाळीमुळे चार वर्षांच्या सुमेधाला बाप म्हणजे 'उठवायचा नाही असा माणूस' एवढाच ठाऊक होता.

आडवा येत होता इंटरव्ह्यू. तो इंग्रजीत. कंपनीतले मोठे साहेब मद्रासकडचे. मराठीत ते फक्त 'चहा' म्हणत. त्र्याहत्तर साली भीमराज त्यांच्यासमोर बसला आणि बसूनच राहिला. केसाएवढा फरक बोटाने सांगणारा माणूस, पण शब्द फुटेना. यंदाची संधी शेवटची होती.

घोळ शिकवणीत झाला होता. चिंचवडच्या चाळीतले शेजारी हरिहर कुलकर्णी, हेडक्लार्क, यांनी त्याला महिनाभर व्याकरण पाजलं होतं. भीमराजने तोंड उघडलं की "चूक!" मग तो प्रत्येक वाक्य आधी मनात घासूनपुसून लख्ख करी, तोवर समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असे.

कस्तुराला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तिच्यापाशी होता सूपभर रेशनचा तांदूळ.

"बोला," ती म्हणाली. "मशीनचं बोला, नळाचं बोला, काय बी. थांबलात की एक मूठ निवडायची."

"तुला चूक-बरोबर काय कळणार?"

"न्हाईच कळणार. थांबलेलं कळंल की!"

पहिल्या आठवड्यात सगळा तांदूळ भीमराजनेच निवडला. घरात इतका स्वच्छ भात शिजला, की सुमेधाने विचारलं, "आज कचकच का नाही?" मग हळूहळू सूप कस्तुराकडे सरकलं. ती खाली मान घालून निवडे आणि मधूनच "मग?" म्हणे.

भिंतीपलीकडून आवाज आला, "अहो भीमराज, 'ही गो' काय? कान दुखले माझे!"

"हरिभाऊ," कस्तुरा ओरडली, "रिकामेच असाल तर मूठभर निवडायला या!"

इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं: पार्ट खराब आहे, पण माल घाईचा, फोरमन म्हणतो सोडून दे. काय करशील?

भीमराज मनात वाक्य घासायला घेणार, तोच त्याची बोटं टेबलावर आपोआप काहीतरी वेचू लागली.

"व्हॉट आर यू डूइंग?"

"स्टोन, सर. आय स्टॉप टॉकिंग, वाइफ गिव्ह राइस. आय पिक स्टोन." आणि मग त्याला थांबताच येईना. "शॉप मॅन से, गुड राइस. वन स्टोन कम, फुल मील स्पॉइल. पार्ट ऑल्सो सेम, सर. फोरमन अँग्री, लेट हिम. आय नॉट पास."

साहेब इतके हसले, की चहा सांडला. आठ दिवसांनी ऑर्डर हातात पडली.

दिवसपाळीच्या पहिल्या संध्याकाळी भीमराज घरी आला तो जागाच राहिला. सुमेधा त्याच्या पाठीवर चढून बसली. कस्तुराने सूप आणलं.

"आता मी बोलणार. पोरगी शाळंत जाईल, तवा मी काय नुसती बघत बसू?"

"थांबलीस की निवडायचं. तुझाच नियम."

"व्हय. पण निवडायचं मास्तरानं."

एवढं ठरवून कस्तुरा "आय" म्हणाली आणि निवांत थांबली. तेव्हा हिशेब असा: हरिभाऊंचे कान गेले, साहेबांचा चहा गेला. तांदूळ मात्र शिष्य असताना भीमराजने निवडला, आणि मास्तर झाल्यावरही त्यानेच.