ब्युरोचं कापड

आमचे दाजी शब्दकोशाच्या कचेरीत ‘ब्युरो’ या शब्दाची नोंद लिहीत होते. शब्द इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये एकच. मुळात ते फ्रेंचांचं जाडंभरडं लोकरी कापड. ते टेबलावर अंथरायचे म्हणून टेबलाला ब्युरो म्हणू लागले, मग खोलीला, शेवटी अख्ख्या खात्याला.

सोमवारी साहेबांनी दाजींचं खातंच बंद केलं. मंगळवारी खोली गेली, म्हणून दाजी जिन्याखाली टेबल टाकून बसले. बुधवारी टेबल न्यायला हमाल आले.

ताई धावत कचेरीत पोचली. “अहो, नोकरी चाललीय तुमची! भांडा की जरा!”

“अगं, क्रम तर बघ! शब्दाचा इतिहास तंतोतंत उलटा चाललाय,” दाजी हरखून म्हणाले. “अहो भाऊ, टेबल न्या, पण वरचं कापड राहू द्या.”

ते कापड अंथरून दाजी जमिनीवर बसले. इतक्यात साहेब त्यांना कामावरून काढल्याचा हुकूम घेऊन आले.

दाजींनी चष्मा लावून तो वाचला. “साहेब, यावर माझ्या खात्याचा शिक्का लागतो.”

“मग मारा की!”

“खातं सोमवारीच बंद केलंत ना तुम्ही?”

साहेब हुकूम घेऊन परत गेले. गुरुवारपासून ताई डब्याबरोबर उशीही देऊ लागली.